जंतूंची गणपूर्ती आणि औषधांचे दार

पावसाळा सुरू झाला की किनारपट्टीवरच्या गावांतून ताप, खोकला आणि पोटाच्या विकारांची साथ ठरल्यासारखी येते, आणि तिच्यामागोमाग औषधाच्या दुकानापुढे गर्दी होते. ‘गेल्या वेळी दिल्या होत्या त्याच गोळ्या द्या’, एवढ्या तोंडी निरोपावर प्रतिजैविके हातात पडतात. दोन दिवसांनी ताप उतरतो. उरलेल्या गोळ्या कपाटाच्या खणात जातात आणि पुढे कधीतरी घरातल्या दुसऱ्या माणसाला, क्वचित शेजाऱ्यालाही, दिल्या जातात. सर्दी-पडशाचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि त्यांवर या गोळ्यांचा काडीइतकाही परिणाम होत नाही, हे अनेकदा सांगून झाले आहे. तरीही सवय सुटत नाही. याचे एक कारण असे, की औषध आणि जंतू यांच्या झगड्याविषयी आपल्या मनात एक सरळसोट चित्र ठसलेले आहे. औषध पोटात गेले की जंतू मरतो. फार तर एखादा चिवट जंतू मरत नाही. निकाल एवढाच. औषधाच्या माऱ्याने जंतूची वागणूकच बदलू शकते, ही गोष्ट त्या चित्रात कोठे बसत नाही.

गेल्या चार दशकांतील संशोधनाने हे चित्र अपुरे ठरविले आहे. जीवाणू ज्या दाराने आपले औषध बाहेर फेकतो, त्याच दाराने तो कित्येकदा आपल्या भाईबंदांना निरोप धाडतो. आणि माणसाला केव्हा व किती उपद्रव द्यावयाचा, हे या निरोपांवर अवलंबून असते, असे आता दिसून आले आहे. औषधाला न जुमानणे आणि रोगाचा जोर या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मांडण्याची आपली रीत यापुढे चालणार नाही. हा विषय प्रयोगशाळेचा असला, तरी त्याचे देणे रुग्णालयाच्या खाटेवरील माणूस फेडतो. म्हणून त्याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम या दाराविषयी. पेनिसिलिनचा रुग्णांवर सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच, १९४० साली, एब्राहम आणि चेन या दोघा शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर जीवाणूंत असल्याचे दाखविले होते. जीवाणू एकतर औषध फोडून टाकतो किंवा औषध ज्या भागावर घाव घालते तो भागच बदलून घेतो, अशी समजूत त्यानंतर दीर्घकाळ रूढ होती. १९८० साली अमेरिकेत बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही, लॉरा मॅकमरी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक मार्ग उघडकीस आणला. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे ई. कोलाय जीवाणू ते औषध फोडीत नव्हते; आत शिरलेले औषध ते जसेच्या तसे बाहेर उपसून टाकीत होते. गळक्या होडीत पाणी शिरत असावे आणि नावाड्याने ते सारखे उपसून होडी तरती ठेवावी, तसाच हा प्रकार. त्यानंतर असे उपसणारे पंप एकामागून एक सापडत गेले, आणि त्यांतले काही तर एकाच नव्हे, अनेक जातींच्या औषधांना बाहेरची वाट दाखवितात असे आढळले. १९९३ साली कॅनडातील कीथ पूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूतील असाच एक बहुऔषधी पंप प्रकाशात आणला. शास्त्रज्ञ त्याला मेक्स-एबी या नावाने ओळखतात.

या पंपांची रचना पाहिली की थक्क व्हावयास होते. ज्या जीवाणूंना दोन आवरणे असतात, त्यांच्यात हा पंप तीन भागांचा असतो. एक भाग आतल्या आवरणात, दुसरा बाहेरच्या आवरणात आणि तिसरा या दोहोंना जोडणारा. त्यामुळे औषध दोन आवरणांमध्ये न सांडता थेट पेशीबाहेर पडते. २००२ साली जपानी शास्त्रज्ञांनी ई. कोलायमधील अशा पंपाच्या आतल्या भागाची रचना अणूअणूंच्या तपशिलाने उलगडून दाखविली, आणि २००६ साली त्याच्या कामाची रीतही स्पष्ट झाली. या भागात तीन सारखी प्रथिने एकमेकांना बिलगून असतात. एक औषधाला आत घेते, दुसरे त्याला धरून ठेवते, तिसरे बाहेर लोटते. आणि ही कामे ती आळीपाळीने करतात. विहिरीवरच्या रहाटाचे एक गाडगे भरत असते, एक वर चढत असते आणि एक रिकामे होत असते, तसेच हे. बैलाच्या जागी येथे प्रोटॉन जुंपलेले असतात. ते आत शिरताना जी ऊर्जा मिळते तिच्यावर हा रहाट फिरतो.

आता विचार करण्यासारखा प्रश्न असा, की हा रहाट जीवाणूने कोणासाठी बांधला? माणसाने प्रतिजैविके सर्रास वापरावयास लागून शतकही लोटलेले नाही. या पंपांची जनुके मात्र जीवाणूंच्या मूळ वंशसंपत्तीचाच भाग असून अतिप्राचीन आहेत. अर्थात आमच्या गोळ्यांसाठी ते जन्माला आलेले नाहीत. आतड्यात राहणाऱ्या जीवाणूला पित्तापासून जीव वाचवावा लागतो. मातीतल्या जीवाणूला वनस्पतींच्या व शेजारी सूक्ष्मजीवांच्या विषांशी सामना द्यावा लागतो. स्वतःच्या पेशीतील नको असलेली द्रव्येही बाहेर टाकावी लागतात. पंपाचे मूळ काम हे. आमचे औषध त्याच्या दृष्टीने आणखी एक उपरा पदार्थ, एवढेच. या मूळ कामांच्या यादीत एक काम असे निघाले, की ज्याची कल्पना प्रारंभी कोणी केली नव्हती. ते म्हणजे निरोप पोचविणे.

जीवाणू एकमेकांशी संधान बांधतात, हे पहिल्याने समुद्राने शिकविले. शिळी मासळी कधीकधी अंधारात मंद निळसर उजेड देते. तो उजेड मासळीचा नव्हे, तिच्यावर वाढलेल्या प्रकाशमान जीवाणूंचा. अशा जीवाणूंवर काम करीत असता केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९७० साली एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. काचपात्रात जीवाणू थोडे असेपर्यंत उजेड पडत नाही. त्यांची दाटी विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली म्हणजे सर्वजण जणू एकदम दिवे लावतात. प्रत्येक जीवाणू एक सूक्ष्म रासायनिक द्रव्य बाहेर सोडीत असतो. संख्या वाढली की त्या द्रव्याचे प्रमाण वाढते, आणि ते पुरेसे झाले की प्रत्येकाला कळते, आता आपण पुष्कळ आहोत. १९९४ साली या प्रकाराला जे इंग्रजी नाव रूढ झाले त्यात ‘कोरम’ हा सभाशास्त्रातील शब्द आहे. विधानसभेचे वृत्तांत वाचणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचा मराठी प्रतिशब्द ठाऊक आहे: गणपूर्ती. गणपूर्ती झाल्याखेरीज सभेचे कामकाज चालत नाही, आणि जीवाणूंचेही कित्येक उद्योग चालत नाहीत.

उजेड पाडणे हा निरुपद्रवी उद्योग झाला. स्यूडोमोनास एरुजिनोसाचे उद्योग निराळे आहेत. ओल्या मातीत, पाण्यात, रुग्णालयाच्या हात धुण्याच्या कुंडीत राहणारा हा जीवाणू धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. पण भाजलेल्या माणसाची जखम, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाची फुफ्फुसे, कर्करोगाच्या उपचारांनी दुबळे झालेले शरीर ही त्याची हक्काची ठिकाणे. १८८२ साली पॅरिसमध्ये कार्ल जेसार यांनी मलमपट्ट्यांवरील निळ्या-हिरव्या पुवातून तो प्रथम वेगळा काढला. त्या रंगाच्या मुळाशी असलेले पायोसायनिन हे त्याच्या विषारी शस्त्रांपैकी एक. उतींचे तंतू विरघळविणारी विकरे आणि औषधाला दाद न देणारा चिकट थर ही आणखी काही. ही शस्त्रे पहिल्या दिवसापासून उगारली, तर मूठभर जीवाणूंना शरीराचे रक्षक सहज गाठतील. म्हणून तो दबा धरून राहतो, मोजदाद करतो, आणि संख्याबळ जमल्यावर हल्ला चढवितो. ही मोजदाद तो एकाच नव्हे, एकमेकांत गुंतलेल्या निदान तीन रासायनिक भाषांतून करतो.

येथे निरोप आणि दार यांची गाठ पडते. या तीन भाषांपैकी एकीचा संदेशरेणू लहान आहे. तो आवरणातून आपोआप पाझरून जातो. दुसरीचा रेणू लांब शेपटीचा आहे; तो आवरणात अडकून राहतो. १९९९ साली अमेरिकेत पियरसन, व्हॅन डेल्डन आणि इग्लेव्हस्की यांनी दाखवून दिले, की या दुसऱ्या रेणूला बाहेर काढण्याचे काम मेक्स-एबी हा पंप करतो. ज्या जीवाणूंतून हा पंप काढून टाकला, त्यांच्यात तो संदेश आतच साचून राहिला. म्हणजे जो रहाट औषध उपसतो, तोच टपालाची थैलीही वाहतो.

टपाल अडले तर काय होते? २००२ साली जपानमधील हिराकाता यांच्या गटाने केलेला प्रयोग या संदर्भात मननीय आहे. पंप नसलेले जीवाणू प्राण्यांच्या पेशींच्या थरावर सोडले असता त्यांना तो थर भेदून पलीकडे जाणे जड गेले. उंदरांमध्येही त्यांचा उपद्रव उतरला. परंतु पंप शाबूत असलेल्या जीवाणूंनी ज्या द्रवात आपला उद्योग केला होता, तो द्रव गाळून या दुबळ्या जीवाणूंना दिला तेव्हा त्यांची भेदकता परत आली. जीवाणू तेच, पंप नाहीच. फक्त दुसऱ्यांनी बाहेर टाकलेली द्रव्ये त्यांना मिळाली. आतड्याच्या रोगजंतूंतही असेच घडताना दिसते. २००६ साली निशिनो यांच्या गटाने साल्मोनेला जातीच्या जीवाणूतील सारे औषध-पंप काढून टाकले असता उंदरांना मारण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली. २००८ साली बिना यांच्या गटाने कॉलऱ्याच्या जीवाणूतील एका कुळाचे पंप निकामी केले, तेव्हा त्याचे विष कमी झाले आणि उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात त्याला बस्तान बसविता आले नाही. कॉलऱ्याच्या या विषाचा पुरावा १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दिला होता, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. त्या विषाची आणि पंपांची नाळ जुळलेली असेल, हे कळावयास मात्र जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

येवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की पंप जितके जोरात तितका रोग जोरात. तसे नाही, आणि येथेच या विषयातील खरी गुंतागुंत आहे. याच स्यूडोमोनासमध्ये मेक्स-ईएफ नावाचा दुसरा पंप आहे. एरवी तो जवळजवळ बंद असतो. परंतु काही प्रतिजैविकांच्या माऱ्याखाली ज्यांच्यात तो बिघाडाने सताड उघडा राहिला आहे असे जीवाणू निवडले जातात. असे जीवाणू त्या औषधांना दाद देत नाहीत, पण त्यांचे पायोसायनिन आणि ऊतिभेदक विकरे उतरलेली असतात. २००१ साली केलर यांच्या गटाने हे नोंदविले. २०११ साली कॅनडातील लामार्श आणि देझिएल यांनी कारणावर प्रकाश टाकला. तिसऱ्या भाषेचा संदेश ज्या कच्च्या रेणूपासून बनतो, तो कच्चा माल हा पंप वेळेआधीच बाहेर टाकून देतो. एका पंपाविना निरोप अडतो, दुसऱ्याच्या अतिरेकाने निरोप बनण्याआधीच उधळला जातो. उलट दिशेनेही दोर ओढला जातो. गणपूर्तीचे काही संदेश पंपांचे उत्पादन वाढवितात. पायोसायनिन स्वतःच एका पंपाला जागे करते. तेव्हा एकाने दुसऱ्याला हुकूम द्यावा असा हा मामला नाही. दोघे एकमेकांना ओढत-ढकलत असतात.

सर्व जीवाणूंना एकच नियम लावता येत नाही, याचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, मेलिऑयडोसिस हा मातीतून येणारा गंभीर रोग आढळतो; मधुमेही माणसाला तो विशेष घातक. त्याच्या जीवाणूच्या एका वाणात संदेश बाहेर नेण्यास एक पंप आवश्यक असल्याचे एका गटाने म्हटले. पुढे २०१० साली दुसऱ्या वाणावर काम करणाऱ्यांना तशी गरज आढळली नाही. शास्त्रात असा मतभेद होणे यात उणेपणा काही नाही. परंतु एका जीवाणूवरून साऱ्यांविषयी बोलणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

या साऱ्याचा आपल्या व्यवहाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट म्हणजे, औषधाला न जुमानणारे जंतू अशक्त असतात, तेव्हा फार काळजी नको, असा जो दिलासा कधीकधी दिला जातो, त्यावर विसंबता येत नाही. प्रत्येक प्रतिजैविक जीवाणूंच्या गर्दीतून कोणाला तरी वेचून काढते. तो वेचलेला जीवाणू मवाळ असेल की जहाल, हे कोणता पंप बदलला यावर, आणि त्या पंपातून कोणते निरोप ये-जा करतात यावर अवलंबून राहील. चिठ्ठीवाचून गोळी घेणारा माणूस असे फासे टाकीत असतो, आणि डाव मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवावर जातो.

दुसरी गोष्ट आशेची आहे, पण ती सबुरीने घेतली पाहिजे. पंपच बंद करता आला, तर जुनी औषधे पुन्हा लागू पडतील आणि जंतूंचे निरोपही अडतील, हा विचार मोहक आहे. आपल्या मातीतल्या वनस्पतींनी या शोधाला हातभार लावला आहे. सर्पगंधेतील रेसर्पिन काही जीवाणूंचे पंप अडविते, हे १९९० नंतरच्या दशकातच दिसून आले होते. २००६ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी काळ्या मिरीतील पायपेरिनमुळे स्टॅफिलोकोकसवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा परिणाम वाढतो, हे दाखविले. परंतु प्रयोगशाळेतील बशी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. पंप अडविण्यास लागणारी रेसर्पिनची मात्रा माणसाला सोसणारी नाही. स्यूडोमोनासचे पंप अडविणारे एक द्रव्य २००१ साली जाहीर झाले, त्यावर पुष्कळ आशा बांधली गेली, पण मूत्रपिंडांना होणाऱ्या अपायामुळे या जातीची द्रव्ये मागे पडली. असा एकही पंपरोधक अद्याप रुग्णांच्या नित्य उपचारात आलेला नाही. म्हणून मिरीचा काढा पिऊन कोणी औषध टाळू नये. प्रयोगशाळेतील निष्कर्षाचा तो अर्थ नव्हे.

निरोप अडविण्याचा उपायही उलटू शकतो. ॲझिथ्रोमायसिन हे परिचित औषध स्यूडोमोनासला मारीत नसले, तरी त्याची गणपूर्ती ढिली पाडते. युरोपात कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांना ते देऊन पाहिले, आणि २०१० साली केलर व व्हॅन डेल्डन यांच्या गटाने त्यातून एक अनपेक्षित गोष्ट मांडली. औषध न दिलेल्या रुग्णांत काही काळाने फुकटे जीवाणू माजत. हे स्वतः विकरे बनविण्याचे कष्ट घेत नाहीत, इतरांच्या विकरांवर जगतात, आणि त्यामुळे एकंदर वस्ती मवाळ होते. औषध दिलेल्या रुग्णांत सर्वांचेच निरोप मंदावले. फुकट्यांचा फायदा गेला, आणि मूळचे जहाल जीवाणू टिकून राहिले. औषध थांबताच ते पुन्हा डोके वर काढू शकतात. जंतूंचा समाज आपल्या समाजासारखाच आहे. एका ठिकाणी दाबले की दुसऱ्या ठिकाणी फुगते.

प्रश्नाचे आकारमान लहान नाही. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार, जीवाणूंनी औषधांना दाद न दिल्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीप्रमाणे अनेक प्रभावी प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डॉक्टर व रुग्ण यांची नावे दुकानदाराने वहीत नोंदवावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असे बंधन आहे. ती वही नियमाने तपासली गेली पाहिजे. नियम कागदावर राहिला तर तो केवळ प्रामाणिक दुकानदारालाच जाचक होतो. गंभीर रुग्णांच्या बाबतीत कोणता जंतू आहे व तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे तपासण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तालुक्याच्या रुग्णालयांतूनही हवी. रुग्णालयातील कुंड्या, नळ्या आणि परिचारकांचे हात स्वच्छ ठेवणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय. जो जीवाणू रुग्णापर्यंत पोचलाच नाही, त्याच्या पंपाची आणि भाषेची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

कायदा आणि प्रयोगशाळा यांचे काम त्यांनी करावेच. पण घरच्या खणातील उरलेल्या गोळ्यांचा निर्णय सरकार घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके घ्यावे, न सांगितलेले घेऊ नये, आणि उरलेले दुसऱ्याला देऊ नये, हा जुनाच उपदेश आहे. त्याला आता नवा आधार मिळाला आहे, एवढेच. आपण गोळी गिळतो तेव्हा शरीरात आधीच चाललेल्या एका सभेत दगड टाकीत असतो. सभा उधळेल, की संतापून अंगावर येईल, हे त्या दगडाला ठाऊक नसते. निदान टाकणाऱ्याने तरी तो विचारपूर्वक टाकावा.